त्या गुलाबाला वांझ म्हणू नका!

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण काय द्यायचं, यावर आमच्या महिला मंडळात नेहमीसारखाच खल झाला. प्लास्टिकचे डबे नकोत, स्टीलच्या वाट्या तर घरोघरी ढिगाने पडल्यात. शेवटी मीच म्हटलं, आमच्या अंगणातल्या गुलाबाची रोपं देऊ या. मृगाच्या पावसात मी चाळीस काड्या लावल्या होत्या, त्यातल्या एकतीस जगल्या होत्या. पिशव्यांतून छान फुटल्याही होत्या. सगळ्यांना कल्पना आवडली.

हा गुलाब सासूबाईंनी लावलेला. फिका गुलाबी, गुच्छाने फुलणारा. कुडाळच्या पावसात बाकीचे गुलाब काळे डाग पडून पानं गाळतात, हा मात्र तग धरून असतो. दिवाळीपासून जो सुटतो तो शिमग्यापर्यंत फुलतच राहतो.

हळदीकुंकू लावून मी एकेकीच्या हाती रोप देत होते. तेवढ्यात वाडीतल्या एक आजी म्हणाल्या, "गो, हो गुलाब वांझ आसा. तुझ्या सासूच्या येळेपासून बघतंय, कधी फळ म्हणून धरूक नाय. वाणाक कित्याक देतस?"

बायका हसल्या. आजींच्या मनात काही वाईट नव्हतं, बोलण्याच्या ओघात बोलून गेल्या. पण माझ्यासमोर उभी असलेली एक जण हसली नाही. हातातलं रोप तिने हळूच खाली ठेवलं आणि पदर सावरत मागच्या रांगेत जाऊन बसली. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

चार दिवसांनी ती दुपारची घरी आली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग अंगणात उतरली, त्या गुलाबापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "वयनी, ह्या गुलाबाक फळ कित्याक धरणा नाय? तेचो काय दोष आसा?"

मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण प्रश्न गुलाबाचा नाही, एवढं मला कळलं होतं. "शोधून सांगते," एवढंच मी म्हटलं.

फुगडीचं गणित

शेजारच्या काकूंची नात मुळद्याला उद्यानविद्या शिकते. तिला गाठलं. ती म्हणाली, "मावशी, गुलाबाला फळ न धरण्याची कारणं बरीच असतात. आपण फुलं खुडतो, मग फळ येणार कुठून? पाकळ्यांची गर्दी असलेल्या फुलात पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. कधी पावसाने पराग धुऊन जातात, कधी मधमाश्याच फिरकत नाहीत. पण वर्षानुवर्षं फुलं झाडावर ठेवूनही एकसुद्धा फळ नाही, तर मग गुणसूत्रं मोजायला हवीत."

गुणसूत्रं म्हणजे पेशीच्या आत असणारे ते बारीक दोरे, ज्यांच्यावर रंग, रूप, वास सगळं लिहिलेलं असतं. गुलाबाच्या कुळात ती सातांच्या हिशेबाने येतात. साध्या गुलाबात सातांचे दोन संच, म्हणजे 14. काहींत तीन संच, 21. काहींत चार, 28. पाच संचांचे, सहा संचांचे, अगदी आठ संचांचेही रानगुलाब जगात आहेत.

"मग जास्त असली तर चांगलंच की!" मी म्हटलं. ती हसली आणि तिने मला फुगडीवरून समजावलं. तेच तुम्हाला सांगते.

समजा, गावात सात वाड्या आहेत. चतुर्थीत फुगडीला प्रत्येक वाडीतून दोन-दोन मुली आल्या. नियम असा, की आपल्याच वाडीतल्या मुलीचा हात धरायचा. सात जोड्या जमल्या. फुगडी संपली, हात सुटले, जोडीतली एक उजवीकडे गेली, एक डावीकडे. दोन्हीकडे सात-सात, आणि प्रत्येक वाडीची एक-एक मुलगी. पराग किंवा बीजांड तयार होताना पेशीत नेमकं हेच होतं. अर्धा वाटा आईकडून, अर्धा बापाकडून, की बी तयार.

चार-चार मुली आल्या तरी अडचण नाही. प्रत्येक वाडीच्या दोन जोड्या, शेवटी दोन्हीकडे चौदा-चौदा. पण प्रत्येक वाडीतून तीन-तीन आल्या तर? दोघींची फुगडी जमते, तिसरी नुसती उभी. हात सुटले की ती भांबावून कुठेही जाते. एका बाजूला नऊ, दुसरीकडे बारा. कुठल्या वाडीच्या दोन, कुठल्या वाडीची एकच. असं अर्धवट वाटप झालेले पराग आणि बीजांडं बहुतेक वेळा जगत नाहीत. म्हणून तीन संचांच्या झाडाला फळ धरत नाही, किंवा अगदी क्वचित धरतं. शास्त्रात याला त्रिगुणित म्हणतात.

मुलगी हुशार. तिने आमच्या गुलाबाच्या कोवळ्या मुळांची टोकं कॉलेजात नेली. मूळ वाढतं ते टोकाला, त्यामुळे फुटत्या पेशी तिथेच सापडतात. आपल्या सरांच्या मदतीने तिने ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मोबाइलवर फोटो काढून आणला. शाईचे बारीक ठिपके सांडावेत तसं काहीतरी. "एकमेकांवर चढलेत, पण आम्ही पुन्हा पुन्हा मोजले. 21 च येतायत," ती म्हणाली.

सासूबाईंच्या गुलाबाचा दोष काय, तर 21. त्याला पाणी कमी पडलं नाही, खत कमी पडलं नाही, कुणाची दृष्टही लागली नाही.

लग्न जुळलं, संच जुळले नाहीत

हा तीनचा आकडा येतो कुठून? तर दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या सोयरिकीतून. चीनमधून युरोपात गेलेले, बाराही महिने फुलणारे जुने गुलाब 14 चे. अत्तराचा, गुलकंदाचा दमास्क गुलाब 28 चा. अशा दोघांचा संकर केला, की एकाकडून 7 आणि दुसऱ्याकडून 14. बेरीज 21. बाळ देखणं, गुच्छ भरघोस, पण पुढे वंश वाढणं कठीण.

1867 साली फ्रान्समध्ये गियो नावाच्या गुलाबवाल्याने 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आणला. आपण बाजारातून आणतो त्या लांब दांड्याच्या, मोठ्या कळीच्या गुलाबांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. तोही 21 चाच, जवळजवळ वांझ. आजही जगभर लोक तो हौसेने लावतात.

खरं तर असं झाड आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. आपण खातो त्या बहुतेक केळींत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा त्रिक 33. म्हणून तर केळ्यात बी नसते, नुसते काळे ठिपके. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात कड्यावर फुटणाऱ्या रानकेळीचं फळ फोडून पाहा, आत गोटीएवढ्या टणक बिया असतात. आणि गंमत बघा. लग्नाच्या मांडवाला आपण काय बांधतो? सत्यनारायणाच्या चौरंगाला काय बांधतो? ज्या केळीला बी धरत नाही, तिलाच आपण वंशवेलीची खूण मानतो! ती बुंध्याशी पोरं घालते आणि वाडी भरून टाकते, त्यामुळे तिला कुणी वांझ म्हणत नाही.

अबोलीचंही तसंच. आपल्या गावठी अबोलीचं सुकलेलं बोंड ओलं झालं, की टच्चकन फुटतं आणि बिया उडतात. लहानपणी आपण सगळ्यांनी ती पाण्यात टाकून फोडलेली आहेत. पण गडद केशरी फुलांची 'दिल्ली' नावाची अबोली असते, तिच्यात तीन संच, 30 गुणसूत्रं. तिला बी धरत नाही, काड्या लावूनच वाढवावी लागते. वेणी करणाऱ्या बायका मात्र तिचीच फुलं मागून घेतात.

आणखी एक. गुलाबाचं सुकलेलं फूल वेळीच छाटलं तर नवे कळे लवकर येतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. फळ पोसायला लागलं की झाडाची ताकद तिकडे वळते. ज्याला फळच धरत नाही, त्याची ती ताकद फुलांकडे जाते. आमचा गुलाब शिमग्यापर्यंत फुलतो, त्याचं एक कारण हेही असणार.

वांझ म्हटलेल्या गुलाबाला फळ आलं

हे वाचताना मला एक खरी गोष्ट सापडली, ती फार आवडली. 'मॅक्स ग्राफ' नावाचा एक गुलाब 1919 मध्ये अमेरिकेत बाजारात आला. दोन वेगळ्या रानजातींचा संकर. आकडा 14, म्हणजे दिसायला सम. पण दोन वेगळ्या गावांच्या मुली, त्यांची चालच जुळेना. फुगडी होईना, फळ धरेना. जर्मनीतल्या विल्हेल्म कोर्डेस यांनी तो वर्षानुवर्षं जपला. 1940 च्या सुमारास त्याला मोजकी फळं धरली. त्या बियांतून वाढलेल्या एका रोपात गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली होती, 28. प्रत्येकीला आपल्याच गावची जोडीदारीण मिळाली आणि फुगडी जमली. त्या एका रोपापासून थंडी सोसणाऱ्या वेली गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. कोर्डेस यांचंच नाव त्याला मिळालं.

जे तिथे आपोआप झालं, ते माणसाला मुद्दाम घडवून आणता येतं, हे 1937 मध्ये कळलं. त्यासाठी वापरतात ते द्रव्य म्हणजे कोल्चिसीन. ते आपल्या ओळखीच्या एका वेलीतही असतं. श्रावण-भाद्रपदात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं येतात, ती कळलावी! (ती अतिशय विषारी आहे. घरगुती औषध म्हणून चुकूनही वापरू नका आणि लहान मुलांना कंदापासून दूर ठेवा.)

या कामात आपल्याच किनाऱ्यावरची एक बाई जगात नावाजली गेली. डॉ. जानकी अम्मल. 1897 मध्ये केरळात तलश्शेरीला जन्मलेल्या. मुलींनी शाळेत जाणंच नवलाचं होतं, त्या काळात त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. कोइमतूरला उसाची गुणसूत्रं मोजली. युद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून काम केलं आणि 1945 मध्ये डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोशच काढला. 1977 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी लग्न केलं नाही. त्यांच्या नावाचा गुलाब मात्र आहे. तो कोडाईकनालच्या वीरराघवन दांपत्याने तयार केला.

आणि शेवटचा नमुना युरोपातल्या कुंपणांवरच्या रानगुलाबाचा. त्याची गुणसूत्रं 35. विषम आकडा, म्हणजे आपल्या हिशेबाने वांझच हवा. पण तो लालभडक फळांनी लगडतो! दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये संत्री मिळेनाशी झाली, तेव्हा बायका-मुलांनी कुंपणाकुंपणांवरून हीच फळं गोळा केली आणि त्यांच्या सरबतातून तिथल्या मुलांना क जीवनसत्त्व मिळालं. मग याचं कसं जमतं? 1920 च्या आगेमागे स्वीडनचे टॅकहोल्म यांनी, आणि इंग्लंडमध्ये कॅथलीन ब्लॅकबर्न या बाईंनी हेस्लॉप हॅरिसन यांच्यासोबत हे कोडं उलगडलं. सात जोड्यांची फुगडी नेहमीसारखी होते. उरलेल्या एकवीस जणी इकडेतिकडे न भटकता सगळ्याच्या सगळ्या आईच्या ओटीत जाऊन बसतात. म्हणजे बीजांडात 28, परागात फक्त 7. पुन्हा बेरीज 35. आईचा वाटा बापाच्या चौपट! निसर्गाने प्रत्येक घरी एकच नियम लावलेला नाही, हे यावरून कळावं.

आता आपलं मोजू

गुलाबाचा सातांचा हिशेब शास्त्रज्ञांना 1920 च्या सुमारास कळला होता. माणसाच्या पेशीत किती गुणसूत्रं, हे मात्र 1956 पर्यंत चुकीचंच शिकवलं जात होतं. 48 म्हणायचे. त्या वर्षी त्यो आणि लेवान या दोघांनी स्वीडनमध्ये नीट मोजून 46 हा आकडा सांगितला. तेवीस जोड्या. म्हणजे आपण आपल्याला मोजायच्या आधी गुलाबाला बरोबर मोजलं!

इथेही फुगडी कधीकधी चुकते. सुरुवातीच्या तीन महिन्यांत होणारे गर्भपात घ्या. त्यातल्या निम्म्याहून अधिकांमध्ये गर्भाच्या गुणसूत्रांचा आकडा चुकलेला असतो. कधी एक जास्त, कधी एक कमी, कधी गुलाबासारखा तिसरा अख्खा संचच. तिने पपई खाल्ली, ती जिना चढली, ती अमुकाच्या बारशाला गेली, असं आपण म्हणतो. पपईचा काही संबंध नसतो.

पुरुषांच्या बाबतीतही तसंच. काही पुरुष 46 ऐवजी 47 गुणसूत्रं घेऊन जन्मतात, 'एक्स' एक जास्त. हे 1959 मध्ये कळलं. साधारण पाचशे ते हजार मुलग्यांमागे एक असा असतो. दिसायला, वागायला, कामाला चारचौघांसारखा. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. लागतो तो मूल होत नाही म्हणून तपासणी केली तर. अशा बहुतेकांच्या वीर्यात शुक्राणू सापडत नाहीत.

तर ही सगळी हकिगत मी तिला सांगितली. आमच्या अंगणात, त्या गुलाबाशेजारी पायरीवर बसून. ती ऐकत होती. मग म्हणाली, अकरा वर्षांत तिच्या तीन मोठ्या तपासण्या झाल्या, दोनदा दुर्बीण घातली, कुठकुठले अंगारे झाले, उपास झाले. "आणि त्यांची तपासणी?" मी विचारलं. ती गप्प राहिली. अकरा वर्षांत एकदाही नाही.

मैत्रिणींनो, मूल न होण्याची कारणं शोधली तर जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी कारण निघतं. पुरुषाची पहिली तपासणी वीर्याची. ती सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, ना सुई ना भूल. आणि आपल्याकडे तीच सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही.

तिच्या नवऱ्याशी माझे यजमान बोलले. दोन महिने तो टाळत होता. मग गेला. पहिल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी गुणसूत्रांची तपासणी सांगितली. ती साध्या रक्तावर होते, नमुना मोठ्या शहरात जातो आणि अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. अहवालात आकडा होता 47.

तो आठवडाभर कुणाशी बोलला नाही. तिला माझी भीती होती, तीच मी तिला आधी सांगितली होती. आता बोट त्याच्याकडे वळायला नको. अकरा वर्षं तिने जे सोसलं, ते त्याला सोसायला लावून काय साधणार? आकडा त्याने निवडला नव्हता. त्याच्या आईनेही नाही. शेवटी एका रात्री जेवताना तोच आईला म्हणाला, "आये, हिचा काय चुकला नाय. माझ्यात आसा ता. डॉक्टरान कागद दिल्यान." सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताटातला भात तसाच ठेवून उठल्या.

भाद्रपदात गौरी आल्या. ओवशाची सुपं मांडली होती. या घरात गेली काही वर्षं ती मागेच उभी राहायची, कुणी बोलायच्या आधीच मागे सरकायची. यंदा सासूबाईंनी तिला हाक मारली आणि पहिलं सूप तिच्या हातात दिलं. एवढंच झालं. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मीच डोळे पुसले.

पुढे काय करायचं, ते दोघं ठरवतील. असा आकडा असलेल्या काही पुरुषांमध्ये बारीक शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात, म्हणून डॉक्टरांनी मोठ्या केंद्रात जायला सांगितलंय. दत्तकाचा रीतसर मार्गही आहे, 'कारा'च्या नोंदणीतून. किंवा दोघांचाच संसार, तोही संसारच. तिची हरकत नाही म्हणून मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर दोनच गोष्टी सांगा. वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत (बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिने), तर डॉक्टरांकडे दोघांनी एकदम जायचं. आणि गर्भपात पुन्हा पुन्हा होत असतील, तर गुणसूत्रांची तपासणी दोघांचीही करता येते का, हे विचारायचं.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, असा ठराव केला. एका ग्रामपंचायतीने केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. 'वांझ' हा शब्द काढून टाकायला तर ठरावसुद्धा लागत नाही. आपण आपल्या ओटीवर बसून तो बोलायचा बंद केला की झालं.

आमच्या वाडीतल्या आजींना मी मोबाइलवरचा तो ठिपक्यांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "एकवीस?" म्हणाल्या. "एकवीस," मी म्हटलं. "मगे तेचो काय दोष? तो बिचारो फुलताच आसा," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.

तिने संक्रांतीला खाली ठेवलेलं ते रोप नंतर नेलं. विहिरीजवळ लावलंय. यंदा मृगात मी पुन्हा काड्या लावल्या. चाळीसपैकी पंचवीस त्याच गुलाबाच्या, पंधरा तिने तिच्या झाडाच्या आणून दिलेल्या. येत्या संक्रांतीला वाण तेच.